पीएफ, ग्रॅच्युइटी हातात आली. आता दरमहाचं काय?

प्रश्न थोडक्यात असा. चाकणजवळच्या सुट्या भागांच्या कारखान्यात जून १९९६ला लागलेले एक गृहस्थ मे २०२६अखेर, वयाच्या ५८व्या वर्षी निवृत्त होत आहेत. मूळ पगार आणि डीए मिळून ७५ हजार. पीएफचे ५८ लाख, ग्रॅच्युइटीचे सुमारे १३ लाख आणि कंपनीच्या सुपरॲन्युएशन फंडातले (पेन्शनसाठी कंपनीने वेगळे जमवलेले) १८ लाख. पत्नी ५४ वर्षांच्या, घर सांभाळतात. राहतं घर स्वतःचं, कर्ज नाही, महिन्याचा खर्च ३८ हजार. मुलाला वाकडला फ्लॅट घ्यायचा आहे, त्याला २५ लाख हवेत. आणि ओळखीतले एक एजंट ‘१३ टक्के गॅरंटीड पेन्शन, आयुष्यभर’ असा कागद ठेवून गेलेत. सगळं त्यातच टाकून मोकळा होऊ का, असं ते विचारतात.

मी आधी २२ वर्षं एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात आणि नंतर पर्सोनेलमध्ये पीएफचे कागद रेटले. गेली काही वर्षं फी घेऊन निवृत्तांचे हिशेब करून देतो. कमिशन कोणाचंच घेत नाही, त्यामुळे पुढचं जरा मोकळेपणानं लिहितो.

सुरुवात एजंटच्या त्या कागदापासून करू, कारण असा कागद दर महिन्याला कोणीतरी माझ्या टेबलावर ठेवतं. १३ टक्के खोटे नाहीत. पण वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘डिफर्ड’ असा शब्द असेल, तो बघा. म्हणजे १० लाख आज द्यायचे आणि पेन्शन दहा वर्षांनी सुरू व्हायची, वर्षाला १ लाख ३० हजार. मधली दहा वर्षं हातात काही नाही. आता तेच १० लाख साडेसहा टक्क्यांनी दहा वर्षं नुसते पडून राहिले असते तरी १८ लाख ७७ हजार झाले असते. १८ लाख ७७ हजारांवर १ लाख ३० हजार म्हणजे सातही टक्के होत नाहीत. एजंट खोटं बोलत नाही, तो फक्त भागाकार आजच्या रकमेने करतो. तुम्हाला पैसे जूनपासून लागणार आहेत, ६८व्या वर्षापासून नाही. तो कागद बाजूला ठेवा.

आता तुमच्या हक्काची पेन्शन. ईपीएस-९५, म्हणजे पीएफबरोबर येणारी कर्मचारी पेन्शन योजना. तुमच्या डिपार्टमेंटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘साडेसात हजार मिळणार’ असं फिरत असणार. साडेसात हजार हा आकडा दोन ठिकाणांहून येतो. एक म्हणजे पेन्शनर संघटनेची किमान पेन्शनची मागणी, ज्यासाठी बुलढाण्यात माणसं साखळी उपोषणाला बसली. दुसरा पेन्शनच्या सूत्रातून: १५ हजार (पेन्शनसाठी धरला जाणारा कमाल पगार) गुणिले नोकरीची ३५ वर्षं भागिले ७०. तुमची ३५ वर्षं नाहीत. शिवाय सप्टेंबर २०१४च्या आधीच्या नोकरीला १५ हजारांची नाही, साडेसहा हजारांची मर्यादा लागते. तुमची तेव्हापर्यंतची सव्वाअठरा वर्षं साडेसहा हजारांवर, म्हणजे १,६९५ रुपये. त्यानंतरची पावणेबारा वर्षं १५ हजारांवर, म्हणजे २,५१८. वीस वर्षांपेक्षा जास्त नोकरी झाली म्हणून दोन वर्षं बोनस मिळतात. सगळं मिळून साडेचार हजारांच्या थोडं वर. मी ४,६०० धरतो. ७५ हजार पगार घेणाऱ्याला हा आकडा सांगताना मला आजही जड जातं, पण कंपनीने तुमच्या नावाने पेन्शन फंडात दरमहा जास्तीत जास्त १,२५० रुपयेच भरले, बाकीचे सगळे पीएफमध्ये गेले. तुमचे ५८ लाख त्यामुळेच झाले. जादा पेन्शनचा जॉइंट ऑप्शन (पेन्शन पूर्ण पगारावर धरा, असा कंपनी आणि कामगाराने मिळून करायचा अर्ज) जुलै २०२३पर्यंत भरला नसेल, तर तो विषय सोडून द्या.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ही पेन्शन वाढत नाही, तिला महागाई भत्ता नाही. आणि तुमच्यामागे पत्नीला ती निम्मी मिळते, म्हणजे २,३००. पेन्शन दोन वर्षं पुढे ढकलली तर वर्षाला ४ टक्के वाढून मिळते. पण ४,६००चे ५,००० व्हावेत म्हणून लाखभर रुपयांवर पाणी सोडायचं, तर ते भरून निघायला चोवीसेक वर्षं जातील. तुमच्या बाबतीत मी ढकलणार नाही.

सुपरॲन्युएशनचे १८ लाख हा तुमच्याकडचा खरा पेन्शनचा पैसा, आणि कारखान्यातल्या निम्म्या लोकांना तो आहे हेच माहीत नसतं, कारण पगाराच्या स्लिपवर तो दिसत नाही. ग्रॅच्युइटी मिळत असल्यामुळे यातला एक तृतीयांश, म्हणजे ६ लाख, करमुक्त रोख घेता येतो. उरलेल्या १२ लाखांची ॲन्युइटी, म्हणजे विमा कंपनीची पेन्शन, घ्यावीच लागते. इथे एचआरचा मुलगा तुमच्यासमोर एक फॉर्म सरकवेल आणि म्हणेल, ‘काका, इथे टिक करा.’ त्या टिकवर मी जरा रेंगाळणार आहे.

ॲन्युइटी म्हणजे काय, तर उलटी भिशी. वीस जणांनी एकरकमी पैसे टाकले, दरमहा प्रत्येकाला ठरलेली रक्कम मिळते, आणि जो लवकर जातो त्याचा उरलेला वाटा मागे राहिलेल्यांच्या हप्त्यात मिसळतो. म्हणून तर विमा कंपनी माणूस ९५ वर्षांचा झाला तरी पेन्शन देऊ शकते. बँकेच्या एफडीला हे कधीच जमणार नाही. एफडी फक्त व्याज देते. एफडीचं व्याज पाच वर्षांनी काय असेल हेही सांगता येत नाही. २०००च्या सुमारास निवृत्त झालेल्यांना विचारा, त्यांनी दहा-अकरा टक्के बघितलेत आणि नंतर साडेपाचही बघितलेत. ॲन्युइटीचा दर ज्या दिवशी घेतली त्या दिवशी कायमचा गोठतो.

तिचे प्रकार मात्र बरेच. एलआयसीच्या जीवन अक्षय-७ मध्येच दहा पर्याय आहेत. सगळ्यात जास्त आकडा दिसतो तो ‘फक्त माझ्या हयातीपर्यंत, नंतर काही नाही’ या पर्यायाचा. साठीच्या आसपास तो आठ टक्क्यांच्या घरात असतो. ‘माझ्यानंतर पत्नीला तेवढीच पेन्शन आणि दोघांनंतर मूळ रक्कम मुलांना’ हा पर्याय घेतला तर साडेसहाच्या आसपास येतो. कागदावर दीड टक्का कमी दिसतं, आणि माणूस पहिल्यावर टिक करतो.

एका बाईंची गोष्ट सांगतो. चिंचवडच्या ऑफिसात आल्या, तेव्हा हातात मिठाईच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी, आत सगळे कागद घडी घालून. यजमानांची ॲन्युइटी पॉलिसी, पासबुक, मृत्यूचा दाखला. म्हणाल्या, ‘दोन महिने पैसे आले नाहीत, बँकवाले म्हणतात वरूनच आले नाहीत.’ मी पॉलिसी उघडली. यजमानांनी पहिला पर्याय घेतला होता, जॉइंटपेक्षा, म्हणजे पत्नीलाही चालू राहणाऱ्या पर्यायापेक्षा, महिन्याला ९०० रुपये जास्त मिळतात म्हणून. चौदा हप्ते मिळाले आणि ते गेले. पंधराव्यापासून बंद. त्यात कोणाची चूक नव्हती, कंपनीने करारानुसारच केलं. बाईंनी विचारलं, ‘मग ते भरलेले पैसे?’ त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी कागद पुन्हा त्याच घड्यांवर घातले, पिशवीत ठेवले, आणि जाताना मला ‘तुमचा वेळ घेतला’ म्हणाल्या.

तेव्हापासून मी कोणाचाही हिशेब नवऱ्याच्या वयावरून मांडत नाही, बायकोच्या वयावरून मांडतो. वहिनी, म्हणजे तुमच्या पत्नी, तुमच्यापेक्षा चार वर्षांनी लहान आहेत. बायका पुरुषांपेक्षा जास्त जगतात हे तुमच्याच सोसायटीच्या जिन्यात बसलेल्या आज्या मोजल्या तरी कळेल. म्हणजे तुमच्या पैशाने ३५ वर्षं चालायचं, आणि त्यातली शेवटची काही वर्षं ते एकट्या वहिनींसाठी चालायचं. दोघांना ३८ हजार लागतात म्हणून एकटीला १९ लागतील असं नसतं. सोसायटीचा मेंटेनन्स तेवढाच, लाइट बिल जवळपास तेवढंच, कामवाली तीच, औषधं वाढलेली. तीस हजारांच्या खाली सहसा येत नाही. त्यामुळे १२ लाखांच्या फॉर्मवर पत्नीला शंभर टक्के पुढे चालू राहणाऱ्या पर्यायावरच टिक. साडेसहा टक्के धरले तर महिन्याला साडेसहा हजार. ‘पत्नीला निम्मी’ असाही एक पर्याय आहे, तो नको. ईपीएस आधीच निम्मी होणार आहे.

‘मूळ रक्कम परत’ घ्यावी की नाही, यावर माझं मत सगळ्यांना पटत नाही. मूळ रक्कम परत मिळणार म्हटलं की भिशीचा मुख्य फायदाच गेला. कंपनी तुम्हाला जवळजवळ नुसतं व्याज देत राहते. पण वय कमी असताना दोन्हीतला फरक लहान असतो, त्यामुळे आज, ५८/५४ला, परतीचा पर्याय घेऊन ठेवायला माझी हरकत नाही. सत्तरीत गणित पालटतं. सत्तरीच्या माणसाला परत न करण्याच्या पर्यायात दर दहा टक्क्यांच्या वर जाऊ शकतो, परतीच्या पर्यायात तो साडेसहा-सातवरच रेंगाळतो. त्या वयात मुलांसाठी मूळ रक्कम राखायची म्हणून स्वतःचं दूध कमी करणारे आजोबा मी पाहिलेत. मुलांना त्यातलं काही माहीतही नसतं.

आता तुमची वही मांडू. ३८ हजारांतले कुठले पैसे चुकवून चालणार नाहीत? किराणा, दूध, लाइट, गॅस, मेंटेनन्स, औषधं, मेडिक्लेमचा हप्ता महिन्यावर वाटून: तुमच्या आकड्यांवरून हे २७ हजार होतात. उरलेले ११ हजार म्हणजे आहेर, प्रवास, नातीचा वाढदिवस, गणपतीला गावी जाणं. २७ हजार मरेपर्यंत पक्के हवेत. ११ हजार कमी-जास्त झाले तरी चालतील. ईपीएस ४,६०० आणि ॲन्युइटी ६,५०० मिळून ११,१०० पक्के झाले. राहिले सुमारे १६ हजार.

त्यासाठी आज लगेच आणखी ॲन्युइटी घेऊ नका. ज्येष्ठ नागरिक बचत योजना, पोस्टात किंवा बँकेत, सध्याच्या ८.२ टक्के दराने साडेसहाच्या ॲन्युइटीपेक्षा चांगली आहे. एका माणसाला ३० लाखांची मर्यादा. तुमचं वय साठ नाही, तरी ५५ ते ६०मध्ये निवृत्त झालेल्याला निवृत्तीच्या मिळालेल्या रकमेपर्यंत खातं उघडता येतं, मात्र पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांत. ही तारीख लोक चुकवतात. ‘पीएफ तसाच ठेवला तर ५८नंतरही तीन वर्षं व्याज मिळतं’ असं तुम्हाला कोणी सांगेल, ते खरं आहे, पण नोकरी संपल्यानंतरचं ते व्याज करपात्र असतं आणि तिथून दरमहा काही येत नाही. ३० लाख बचत योजनेत टाकले की दर तिमाहीला ६१,५०० येतात, म्हणजे महिन्याला साडेवीस हजार. पैसे तिमाहीला येतात हे विसरू नका. एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, जानेवारी. पहिल्या वर्षी माणसं जुलैत श्रीमंत आणि सप्टेंबरात उसनवार असतात.

एकूण झाले ३१,६००. राहिलेल्या ६,४००साठी दोघांच्या नावाने पोस्टाची मासिक उत्पन्न योजना, साडेदहा लाख. ७.४ टक्क्यांनी महिन्याला साडेसहा हजारांच्या जवळपास. ३८ हजार पुरे झाले. सगळं मिळून वर्षाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत-बाहेर, नव्या करप्रणालीत कर शून्य.

तुमच्याकडच्या मोकळ्या ७७ लाखांतले (पीएफ, ग्रॅच्युइटी, सुपरॲन्युएशनचे ६) साडेचाळीस लाख असे लागले. ८ लाख दवाखान्यासाठी, एफडीत, दोन बँकांत विभागून. ठेव विमा एका बँकेत ५ लाखांपर्यंतच असतो. जवळची सहकारी बँक पाऊण टक्का जास्त देते म्हणून सगळं तिथे ठेवायचं असेल, तर पुण्यात निर्बंधांत अडकून बुडालेल्या रुपी बँकेचे जुने खातेदार शोधा, २०१३पासूनची हकीकत ते तुम्हाला फुकट सांगतील. आणि कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम निवृत्तीबरोबर संपतो. त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत बदलून मागा, आणि ते मे महिन्याच्या आधी मागा. नंतर नव्याने गेलात की शुगर, बीपीसाठी प्रतीक्षा काळ सुरू होतो.

उरले २८ लाख ५० हजार. हे महागाईसाठी. वर्षाला ६ टक्क्यांनी भाव वाढले तर आजचे ३८ हजार बारा वर्षांत ७६ हजार होतात, आणि वरचं एकही उत्पन्न आपोआप वाढणारं नाही. ॲन्युइटीत दरवर्षी ३ टक्के वाढीचा पर्याय असतो, पण ती वाढ सरळव्याजासारखी असते आणि सुरुवातच खालून होते; मला तो कधी फारसा भावला नाही. त्याऐवजी १२ ते १४ लाख एखाद्या साध्या इंडेक्स (शेअर निर्देशांकाबरोबर चालणाऱ्या) किंवा हायब्रीड (शेअर आणि रोखे मिळून असलेल्या) म्युच्युअल फंडात, सात-आठ वर्षं हात न लावण्याच्या बोलीवर. बाकी एफडीत, पायऱ्या-पायऱ्यांनी मुदत ठेवून. सहा वर्षांनी वहिनी साठीच्या होतील, तेव्हा त्यांच्या नावावर वेगळी बचत योजना उघडता येईल, त्यांचीही मर्यादा ३० लाख.

पण बचत योजना पाच वर्षांची, नंतर तीन-तीन वर्षं वाढवता येते, आणि वाढवताना त्या दिवशीचा दर लागतो. ती आयुष्यभराची नाही. म्हणून ६३व्या वर्षी मुदत संपेल तेव्हा ३०मधले १० लाख काढून जॉइंट ॲन्युइटी घ्या, ६६ला आणखी १०, सत्तरीच्या आसपास शेवटचे. प्रत्येक पायरीला तुमचं वय वाढलेलं, म्हणून दर थोडा वरचा. व्याजदर एखाद्या वेळी पडलेले असले तरी सगळी रक्कम त्याच दिवशी अडकत नाही. सत्तरीत स्मरणशक्ती, सही, बँकेच्या चकरा या सगळ्याचा कंटाळा येतो, तेव्हा २७ हजारांच्या खर्चाचा बराचसा भाग आपोआप खात्यात येत असेल.

मुलाच्या २५ लाखांचं. हे तुमच्या घरचं, मी कोण सांगणार. फक्त आकडा सांगतो: २५ लाख म्हणजे वहिनींची दरमहा साडेतेरा हजारांची आयुष्यभराची पेन्शन. महागाईसाठी ठेवलेले २८ लाख त्यात जवळजवळ संपतात. मुलगा नोकरीत आहे, त्याला वीस वर्षांचं कर्ज मिळतं. तुम्हाला साठीनंतर जगण्यासाठी कर्ज सहसा कोणी देत नाही. द्यायचेच असतील तर ५-७ लाख, आणि ते परत येणार नाहीत असं धरून. पीएफ हातात आलेल्या पहिल्या वर्षात घर, गाडी आणि लग्न या तीन वाटांनी पैसा जितका जातो, तितका मी शेअर बाजारात जाताना पाहिलेला नाही.

कागदांचं शेवटी सांगतो, पण करा आधी. यूएएनच्या (तुमच्या पीएफ खात्याच्या कायमच्या नंबरच्या) पोर्टलवर सर्व्हिस हिस्ट्री, म्हणजे नोकरीची नोंद, उघडा. १९९६च्या आधी कुठे दोन-तीन वर्षं नोकरी केली असेल आणि तेव्हा १०सी फॉर्म भरून पेन्शनचे पैसे काढले असतील तर ती वर्षं गेली. काढले नसतील आणि ती नोकरी या खात्याला जोडलेली नसेल तर ती आता जोडून घ्या, पेन्शन वाढेल. आधारवरचं आणि पीएफमधलं नाव अक्षर-अक्षर जुळतं का बघा. पेन्शन सुरू करण्याच्या १०डी फॉर्मसाठी दोघांचा जोडीने काढलेला फोटो लागतो. हयातीचा दाखला दरवर्षी द्यावा लागेल. तुम्ही तीस वर्षं मशीनवर काढली असतील तर बोटांचे ठसे मशीन घेणार नाही, तेव्हा मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला काढायला आत्ताच शिकून ठेवा. ॲन्युइटी देणारी विमा कंपनी वेगळा दाखला मागू शकते, ईपीएसचा तिथे चालेल असं धरू नका.

आणि नॉमिनी. १९९६ला लागताना तुमचं लग्न झालेलं नसेल, तर पीएफ, ग्रॅच्युइटी, सुपरॲन्युएशन या तिन्ही ठिकाणी बहुधा तुमच्या आईचं नाव असेल. नंतर कुठे वहिनींचं घातलं असेल तर ते माहेरचं की सासरचं, तेही बघा, कारण त्यांचं आधार आणि बँक खातं ज्या नावाने आहे तेच नाव तिन्ही फॉर्मवर हवं. मी रविवारी सकाळी ऑफिसात असतो. येताना त्यांना बरोबर आणा. सह्या त्यांच्याही लागतात.